टिटवीसाठी बदललेली वाट

४ एप्रिल

आज टिटवीने वाट अडवली. ओढा ओलांडून माळावर चढलं की पायवाट दोन बाभळींच्या मधून जाते. तिथे पोहोचायच्या आधीच तिचा गलका सुरू झाला. तशी ती रोजच ओरडते. माळावर कुणाचंही पाऊल पडलं की पहिली दवंडी तिचीच असते. पण आज आवाजात घाई होती. डोक्यावरून दोन घिरट्या घालून ती समोर दहा-बारा पावलांवर उतरली आणि एक पंख जमिनीला घासत, लंगडत लांब जायला लागली. पंख मोडल्याची ही बतावणी ओळखीची आहे. आपल्या मागे या प्राण्याला लांब न्यावं, एवढाच तिचा डाव असतो. तो डाव मांडावा लागतोय, म्हणजे अंडी किंवा पिल्लं जवळच असणार.

मी आहे तिथेच उभी राहिले. अशा वेळी पाऊल उचलणं सर्वांत धोक्याचं. दुर्बीण न लावता पायाजवळून सुरुवात केली आणि जमीन वीतवीत न्याहाळत गेले. खडा, खडा, वाळलेलं गवत, शेळीच्या लेंड्या, खडा. आणि मग डावीकडे तीन-चार हातांवर ती दिसली. चार अंडी, मातकट रंगाची, अंगावर काळपट ठिपके, निमुळती टोकं आत करून चार पाकळ्यांसारखी मांडलेली. घरटं म्हणाल तर बोटभर खोल खळगा, कडेला खडे. दोन सेकंद बाभळीकडे बघून पुन्हा खाली पाहिलं तर अंडी गायब! होती तिथेच, पण नजरेला परत सापडायला वेळ लागला.

आलेल्या पावलांवर मागे फिरले. फोटो काढला नाही. वहीत खूण केली: दोन बाभळी, डावी बाजू, अंडी ४. उद्यापासून वळसा घालून बांधावरून जायचं.

फोटो का नाही, तेही लिहून ठेवते. काही वर्षांपूर्वी अशाच एका घरट्यापाशी मी कॅमेरा घेऊन भर दुपारी तासभर बसले होते. टिटवी लांबून ओरडत राहिली, अंड्यांवर आली नाही. मला वाटलं, येईल, थोडा धीर धरू. प्रत्यक्षात धीर तिलाच धरावा लागत होता. उन्हात उघड्या पडलेल्या अंड्यांसाठी एक तास फार मोठा असतो, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही. दोन कावळे मात्र बाभळीवर बसून माझ्याकडे बघत होते. दुसऱ्या दिवशी खळगा रिकामा. माझ्यामुळे गेलं की माझ्याशिवायही गेलंच असतं, ते कधीच कळणार नाही. पण तो रिकामा खळगा मी विसरलेले नाही.

१७ एप्रिल

बांधावर बोरीचं झुडूप आहे, त्याच्या आडून घरट्याची जागा साधारण ऐंशी पावलांवर पडते. माझी दुर्बीण ८×४२ ची, म्हणजे आठपट जवळ आणणारी, पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर. पक्ष्यांसाठी मला हीच बरी वाटते. जास्त पटीची घेतली की हात जरा हलला तरी चित्र थरथरतं आणि दिसणारा पट्टाही अरुंद होतो. या अंतरावरून टिटवीच्या डोळ्यापुढची लाल मांसल पट्टीसुद्धा स्पष्ट दिसते. मुख्य म्हणजे तिला माझी फिकीर नसते. ती अंड्यांवर बसून राहते.

सकाळी साडेदहाला ऊन तापलं आणि बसलेली टिटवी चोच उघडून धापा टाकायला लागली. जोडीदार ओढ्याकडे गेला. ओढ्यात आता वाहतं पाणी नाही, एक डबकं उरलंय. त्यात तो शिरला, पाय दुमडून बसला आणि पोटाची पिसं पाण्यात घोळवत राहिला. मग उठून अंग न झटकता तसाच माळावर परत आला. अंग झटकलं नाही, हे मी मुद्दाम पाहिलं. बसलेली उठली, तो दोन्ही पाय सांभाळत अंड्यांवर आला, पोट डावी-उजवीकडे हलवून हळूहळू खाली बसला. ओल्या पिसांनी अंडी गार ठेवायची ही रीत मी वाचली होती. वाचलेलं डोळ्यांसमोर घडताना पाहिलं की पोटात काहीतरी हलतं. अकरा वाजेपर्यंत दोघांनी आलटून पालटून तीन फेऱ्या केल्या.

अकरानंतर एक कावळा माळावर उतरला, अगदी सहज चालल्यासारखा, तिरका तिरका. जोडीतली एक अंड्यांवरून उठली आणि दोघंही त्याच्यावर तुटून पडली. बाभळीवरच्या कोतवालानेही मधेच झेप घेऊन कावळ्याला टोचा मारला. बहुधा त्याचंही घरटं तिथे आहे. कोतवाल आपल्या घरट्याजवळ कावळा-घार फिरकू देत नाही आणि त्याच्या आसऱ्याने हळद्या, बुलबुल, होले आजूबाजूला घरटी करतात. नाव उगाच पडलेलं नाही. कावळा गेला. टिटवी समुद्रही आटवते म्हणतात, ते अशा वेळी खरं वाटतं.

२२ एप्रिल

विशेष काही नाही. साळुंक्या १४, होले ६, सातभाई ९ (एकच थवा), वेडे राघू ५, चंडोल ४, कोतवाल ३, खाटीक १, भारद्वाजाचा फक्त आवाज. टिटवी अंड्यांवर.

अशी यादी लिहायचा पूर्वी मला कंटाळा यायचा. साळुंकी काय लिहायची, ती तर रोजच असते! त्यामुळे जुन्या वह्यांत नवलाचे पक्षीच तेवढे आहेत. आज त्या चाळल्या तर पाच वर्षांपूर्वी या माळावर साळुंक्या किती होत्या, सांगता येत नाही. ई-बर्ड या पक्षी-नोंदींच्या संकेतस्थळावर २०१० पासून जगभरातले लोक नोंदी टाकतात. यादी भरली की तिथे एक प्रश्न येतो: ओळखता आलेले सगळे पक्षी लिहिलेत का? हो म्हटलं, तर न लिहिलेला पक्षी तेवढ्या वेळात आढळला नाही, असं धरता येतं. सगळं लिहिलेलं असेल तरच न दिसण्याला किंमत येते, हे मला त्या एका प्रश्नाने शिकवलं.

देशातल्या पक्ष्यांची स्थिती सांगणारा २०२३ चा अहवाल अशाच नोंदींवर उभा राहिला. सुमारे ३० हजार निरीक्षक, ३ कोटींवर नोंदी, ९४२ जातींचा आढावा. त्यात नीलपंखाची संख्या झपाट्याने घटल्याचं वाचलं आणि वही उघडली. हिवाळ्यात तारेवर बसणारा, उडाला की पंखात दोन निळे रंग उलगडणारा आमचा नीलपंख गेल्या दोन हिवाळ्यांत माझ्या वहीत नाही. माझ्या एका माळावरून काही सिद्ध होत नाही. पण ती तार रिकामी दिसते आणि मला वाईट वाटतं.

३० एप्रिल

बाहेर आली! काल संध्याकाळी टिटवी अंड्यांवर होती. आज सकाळी खळग्यावर कुणी नाही आणि दोघं बाभळीपासून वीस पावलांवर ओरडत उभी. पोटात धस्स झालं. बराच वेळ बोरीआड बसले. गलका शांत झाला आणि एक खडा चालायला लागला.

पिल्लू. खडकाच्या रंगाचा पिसांचा गोळा, मानेवर पांढरी पट्टी, खाली अंगाच्या मानाने फार लांब पाय. अंड्यातून बाहेर पडून फार तर रात्र झाली असेल, आणि धावत होतं, थांबत होतं, जमिनीवरचं काहीतरी टिपत होतं. टिटवी पिल्लांना भरवत नाही. ती अन्नाच्या जागेवर नेते आणि राखण करते, पोट त्यांचं त्यांनी भरायचं. दुसरं दिसलं, मग तिसरं. तेवढ्यात कापशी घार माळावर आली आणि हवेत एका जागी पंख मारत थांबली. टिटवीने एकच आखूड हाक दिली. तिन्ही पिल्लं पडली त्या जागी चपटी झाली. माझी दुर्बीण त्यातल्या एकावर रोखलेली होती, तरी मला तिथे खडाच दिसत होता. घार निघून गेली. दुसरी हाक आली आणि तिन्ही खडे उठून धावायला लागले.

चौथं दिसलं नाही. चांगला तासभर शोधलं.

१२ जून

ढग उतरलेत. सकाळी बाभळीच्या शेंड्यावर चातक. काळा-पांढरा, डोक्यावर तुरा, आणि सारखी पिऊ पिऊ. पावसाच्या वाऱ्यांबरोबर येणारा पाहुणा. सातभाईंचा थवा त्याला बघून भडकला आणि तेही रास्तच आहे, कारण तो अंडी त्यांच्याच घरट्यात घालतो.

टिटव्या चार दिसल्या. दोन मोठ्या, दोन अजून फिकट डोक्याच्या.

९ सप्टेंबर

राखी धोबी आला. ओढ्यातल्या सपाट दगडावर, पिवळं पोट, शेपटी क्षणभर स्थिर नाही. गेल्या तीन वर्षांच्या नोंदी: ३ सप्टेंबर, ११ सप्टेंबर, ६ सप्टेंबर. मूठभर वजनही नाही त्याचं. डोंगरातल्या झऱ्यांकाठी उन्हाळा काढायचा, तिथे वीण करायची आणि थंडीआधी हे सगळं अंतर कापून खाली यायचं. तो हाच पक्षी असेल असं मला म्हणता येत नाही, पायात कडी थोडीच आहे. तरी दगड तोच आहे. मी दगडाकडे बघत, मनातल्या मनात ‘आलास?’ म्हणाले.

परतताना कितीतरी महिन्यांनी दोन बाभळींमधून गेले. गवत गुडघ्याएवढं झालंय, खळगा शोधूनही सापडला नाही. मधोमध पोहोचले तशी मागच्या बाजूने टिटवी उठली आणि माळभर माझ्या नावाने ओरडत सुटली.