हाय-बोनेट अपडेट: नंबर वाचला, चेसी सरळ झाली, ओडी मिळाला

आली एकदाची. अॅक्सिडेंटनंतर अडकलेल्या माझ्या जीपच्या फुल इन्शुरन्स पॉलिसीची पीडीएफ आली, चेसी नंबर शेवटच्या आकड्यापर्यंत बरोबर छापलाय, आणि आयडीव्ही (पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत) मी मागितला तेवढा नसला तरी लाज वाटेल इतका कमी पण नाही. थर्ड पार्टी (टीपी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा) मी मधल्या काळात बंद पडू दिलीच नव्हती, अडलं होतं सगळं ओन डॅमेजवर (ओडी, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा विमा). 'सोड की बे, टीपीवर फिरव' असं सांगणारे इथं बरेच निघाले, पण आमच्या घरात जीप परत रोडवर आणायची परवानगीच मुळात ओडीच्या अटीवर मिळाली होती, त्यामुळं तो पर्याय माझ्याकडं नव्हता.

नवीन आलेल्यांसाठी दोन ओळी. १९७३ ची महिंद्रा सीजे-३बी (हाय-बोनेट, म्हणजे उंच बोनेटची जीप), हरिकेन एफ-१३४ पेट्रोल, एमएच-१३ पासिंग, टब (पत्र्याची मुख्य बॉडी) आणि पुढचं पत्र्याचं सगळं हरियाणातल्या डबवालीच्या किटमधून, चेसी-इंजिन-गिअरबॉक्स मूळचं. गळीत हंगामात संध्याकाळी मंगळवेढा रोडवर ऊसाच्या ट्रॉलीला मागून उजवा कोपरा घुसला, ट्रॉलीला ना लाइट ना रिफ्लेक्टर, आणि समोरून येणाऱ्या ट्रकचा हाय बीम डोळ्यात. बरगड्या आणि गुडघा सोडून मला काही झालं नाही. पट्टा आणि रोल बार दोन्ही होते म्हणून झालं नाही, हे ज्यांनी रोल बारला 'शो' म्हटलं होतं त्यांच्यासाठी मुद्दाम लिहून ठेवतो. ती सगळी कहाणी आधी लिहिलीय, परत नको.

आता चेसी. मागच्या अपडेटला मी म्हटलं होतं की उजव्या लाँग मेंबरला (चेसीच्या बाजूचं लांब लोखंड) पुढच्या स्प्रिंग पाट्याच्या हँगरच्या मागं घडी पडलीय आणि तो तुकडा कापून नवीन सी-चॅनल टाकू. ते रद्द केलं. का, तर नंबर. माझ्या गाडीचा पंच (ठोकलेला चेसी नंबर) त्याच उजव्या मेंबरवर आहे आणि घडी त्याच्या चार बोटं पुढं. कापलं तर नंबर जातो, नंबर गेला की परत पंच करायला परवानगी, परवानगीसाठी कागद, आणि तोपर्यंत कुठलीच इन्शुरन्स कंपनी दारात उभी करत नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीत ज्यांच्याकडं काम टाकलं ते मिस्त्री मामा आयुष्यभर कारखान्याच्या ट्रेलरच्या चेसी सरळ करत आलेत, ते बघून म्हणाले, "मालक, तुम्ही जीप वाचवलालाव का नंबर?" म्हटलं मामा, दोन्ही एकच आहे.

मग ठरलं की कापायचं नाही, गॅसही मारायचा नाही, थंडच ओढायची. लाल करून ओढली असती तर दुपारपर्यंत सरळ झाली असती, पण नंबराच्या इतक्या जवळ गॅस लागला की पत्र्याची पपडी निघते, रंग बदलतो, आणि बघणाऱ्याला वाटतं इथं कुणीतरी खेळ केलाय. थंड ओढायला वेळ लागतो. मामांच्या शेडमध्ये जमिनीत गाडलेला आय-बीम आहे, मागची बाजू त्याला बांधली, पुढच्या टोकाला साखळी आणि चेनपुली, घडीच्या आतल्या बाजूला बाटली जॅक. ताण देऊन ठेवायचा आणि त्या ताणातच घडीच्या आजूबाजूला लाकडाचा ठोकळा लावून हातोडा मारत राहायचं, म्हणजे लोखंड बसतं. साखळी सोडली की चेसी थोडी परत येतेच, त्यामुळं हवं त्याच्या पुढं ओढायची आणि माप कायम साखळी सोडल्यावरच घ्यायचं. ताणात घेतलेलं माप बघून खूश झालेले लोक मी पाहिलेत.

मापाची पद्धत विचारली होती दोघातिघांनी. महागडं काही नाही. खाली शहाबादी फरशी लेव्हल आहे का बघून घेतली, गवंड्याचा ओळंबा आणला, प्रत्येक हँगर बोल्टच्या मध्यातून ओळंबा सोडून फरशीवर खडूनं फुली मारली, मग गाडी बाजूला ढकलून फुल्यांमधले कर्ण टेपनं मोजले. सुरुवातीला दोन कर्णात २२ मिमी फरक होता. शेवटी ३ वर आला आणि तिथं थांबलो, मामा म्हणाले हे लोखंड ५० वर्षांचं आहे, कंपनीतून निघालं तेव्हा तरी शून्य होतं का कुणाला माहीत. व्हीलबेस दोन्ही बाजूला ८० इंच, म्हणजे २०३२ मिमी, टेपच्या जाडीइतका इकडंतिकडं. त्या दिवशी मामांना आणि पोरांना भेळ मी खाऊ घातली.

घडीवर आतून ४ मिमीची फिश प्लेट (मजबुतीची पट्टी) टाकली, चौकोनी नाही, पतंगाच्या आकाराची, टोकं निमुळती, आणि वरच्या-खालच्या फ्लँजवर आडवं वेल्डिंग अजिबात नाही. आडवी रेघ मारली की पुढची चीर तिथूनच सुरू होते, हे ट्रकवाल्या कुठल्याही जुन्या वेल्डरला विचारा. प्लेट नंबराच्या अलीकडंच संपवली. वेल्डिंग सीओटू मिगनं केलं. रॉडनंही झालं असतं पण मामांचा मुलगा मिगवर जास्त साफ हात मारतो.

आणि एवढं सगळं करून गाडी पेंटरकडं गेली आणि पेंटरनं नंबरावर इपॉक्सी प्रायमर आणि वर काळ्याचे दोन हात मारून दिले. एकदम चकाचक. नंबर गायब.

इथून खरा वैताग सुरू. मधल्या काळात फुल पॉलिसी संपली होती, म्हणजे ब्रेक-इन केस. टीपी ऑनलाइन मिळते, त्याला गाडी बघत नाहीत, पण ओडी पाहिजे असेल तर इन्स्पेक्शन, आणि ते आता अॅपवरून. एक पोरगा येतो, गाडीभोवती मोबाईल फिरवतो, चेसी नंबरचा क्लोजअप घेतो, कुठंतरी लांब बसलेला माणूस बघून हो-नाही ठरवतो. पहिला शेरा 'नंबर वाचता येत नाही'. ठीक, रंग होता. रंग थोडा खरवडला तर पुढचा शेरा 'आरसीशी जुळत नाही', कारण आरसीवर शेवटी ८ आहे आणि प्रायमर खाचेत अडकल्यामुळं फोटोत तो ३ दिसत होता. जुळत नाही हा शब्द एकदा सिस्टीममध्ये चढला की पुढच्याला तेच आधी दिसतं. एजंट म्हणाला दुसऱ्या कंपनीत टाकू, तिथं पोर्टलनं वर्ष १९७३ टाकल्या टाकल्या ओडीचा पर्यायच गायब केला.

पेंटरचा पोरगा वायर व्हील लावलेला ग्राइंडर घेऊन आला होता नंबर साफ करायला, त्याला तिथंच थांबवलं. हे मोठ्या अक्षरात वाचा: पंचवर ग्राइंडर नाही, वायर व्हील नाही, पॉलिश पेपर नाही. आकड्याच्या कडा बोथट होतात, आजूबाजूला गोल ओरखडे पडतात आणि मग तुम्ही कितीही शपथ घ्या, तो नंबर छेडलेलाच दिसतो. आम्ही पेंट रिमूव्हर जेल लावला, प्लास्टिक टाकून झाकून ठेवला, पितळी ब्रशनं हळू काढला, परत जेल, परत ब्रश. खाचेतला प्रायमर बांबूच्या काडीनं. शेवटी थिनरनं पुसून वरून पांढरा खडू घासला आणि फडक्यानं वरवरचा पुसला, आणि ८ असा उठून आला की काय सांगू. फोटो काढताना टॉर्च समोरून नाही, बाजूनं मारायचा, सावली पडली की आकडा बोलतो. मोबाईलचा फ्लॅश बंद. नंतर तिथं फक्त ग्रीसचा पातळ हात, रंग नाही, आता कायमच नाही.

तरीही अॅपवाल्यांचा जुना शेरा निघेना. गाठ सुटली ती आरसीमुळं. १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी आरसी रिन्यू करावी लागते, फॉर्म २५, ग्रीन टॅक्स वगैरे, आणि माझी तारीख जवळच आली होती. म्हटलं आधी तेच करू. तपासणीला आरटीओच्या साहेबांनी खाली वाकून स्वतः नंबर बघितला, पेन्सिलचा छाप घेतला, फिश प्लेट कशाची म्हणून विचारलं, मी अॅक्सिडेंटचे आणि दुरुस्तीचे फोटो तारखेनिशी दाखवले, झालं. अॅक्सिडेंटनंतरच्या तारखेची रिन्यू झालेली आरसी, पेन्सिल छाप, आणि एका लायसन्सधारक सर्व्हेयरकडून पैसे देऊन घेतलेला व्हॅल्युएशन रिपोर्ट, एवढं एकत्र लावून कंपनीच्या शाखेत जाऊन हातात दिलं, पोर्टलवर नाही. शाखेतल्या माणसानं माणूस पाठवून गाडी परत बघितली. तुमच्यापैकी कुणाची जुनी गाडी ब्रेक-इनला अडकली असेल तर पोर्टलवर डोकं आपटू नका, फाइल बनवा आणि काउंटरला जा.

आता आयडीव्ही, कारण यावर मेसेज खूप आलेत. ५ वर्षांपर्यंतच्या गाडीला घसाऱ्याचा तक्ता आहे, त्यापुढं आयडीव्ही कंपनी आणि आपण मिळून ठरवायचा. बहुतेक जण प्रीमियम वाचतो म्हणून कमी लावून घेतात. माझा मागच्या पॉलिसीत ८०,००० होता. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस धरतात, म्हणजे माझ्या केसमध्ये ६०,००० ओलांडले की संपलं, आणि सीजेला चेसी, पुढचा अॅक्सल, रेडिएटर आणि पत्रा लागला की ६०,००० कुठं गेले कळत नाही. तेव्हाच्या सर्व्हेयरनं टोटल लॉसचाच कागद पुढं केला होता. तो घेतला असता तर पैसे मिळाले असते आणि आरसी रद्द करून गाडी भंगारात. मी भांडून रिपेअर बेसिसवर कमी पैसे घेतले, म्हणून आज हे लिहितोय. आणि रिपेअर बेसिसवर पण १० वर्षांवरच्या गाडीच्या लोखंडी पार्टला निम्मा घसारा कापतात, रबर, प्लास्टिक, टायर, बॅटरी यांनाही निम्मा, फायबरला ३० टक्के, काचेला काही नाही. सीजेत काच किती असते ते तुम्हाला माहितीय. आता आयडीव्ही २,४०,००० लावून घेतलाय, प्रीमियम वाढला, वाढू दे. एनसीबी (क्लेम न घेतल्याची सूट) शून्य, क्लेम घेतल्यावर तो तसाही राहिला नसता, त्यामुळं तो टिकवायला ९० दिवसांत रिन्यू करायचं टेन्शन तरी नव्हतं.

हे लिहिताना आत्ताच सुचलं आणि थोडा वेळ थांबून परत नियम वाचून आलो. व्हिंटेज. २०२१ च्या नियमानं ५० वर्षांवरची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नोंदणीत 'व्हीए' येतं, १० वर्षांची मुदत, आणि टीपीत निम्मी सूट. १५०० सीसीवरच्या गाडीला टीपी २०२२ ला ७,८९७ ठरली, जीएसटी वेगळा, म्हणजे चार हजाराच्या आसपास वाचतात. पण त्यात अट आहे की चेसी, बॉडी शेल, इंजिनात मोठा बदल नको, गाडी मूळ रूपात हवी. माझा टब किटचा आणि चेसीला प्लेट, म्हणजे वादाला निमंत्रण. वर रोजच्या वापराला बंदी, फक्त रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती. मला रमतगमत अक्कलकोटला, नाहीतर हिप्परग्याच्या तलावाला जायचंय. गंमत म्हणजे जुन्या मोटर इन्शुरन्स टॅरिफात व्हिंटेज म्हणजे ३१ डिसेंबर १९४० पूर्वीची गाडी, म्हणजे एका कागदावर म्हातारी आणि दुसऱ्यावर तरुण. व्हिंटेज रद्द. ज्यांची लो-बोनेट (बसक्या बोनेटची जीप) खरंच मूळची आहे त्यांनी मात्र विचार करा.

मागं एकानं विचारलं होतं की एवढं करण्यापेक्षा लोटस सेव्हनसारखी अख्खी किट कारच का बनवत नाही. अरे बाबा, इंग्लंडमध्ये १९५७ पासून ती गाडी किटमध्ये विकली गेली कारण सुट्या भागांवर तिकडं परचेस टॅक्स नव्हता, आणि आजही घरी बनवलेल्या एका गाडीची तपासणी करून नंबर देणारी व्यवस्था तिकडं आहे. आपल्याकडं मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आरसीवर जे लिहिलंय त्यापेक्षा वेगळी गाडी करता येत नाही, आणि २०१९ ला सुप्रीम कोर्टानंही तेच ठासून सांगितलं. म्हणून आपली किट म्हणजे जुनी चेसी, जुनी आरसी आणि नवा पत्रा. पत्र्यावरून आठवलं, यावेळी पुढचे मडगार्ड आणि ग्रिल मागवताना पुरवठादारानं १६ गेज सांगून १८ पाठवलं, व्हर्नियर लावला तर १.२ मिमी. परत पाठवायचं भाडं मालापेक्षा जास्त, त्यामुळं आतून पट्टी मारून बसवलं. टब मात्र वेगळ्या माणसाकडचा होता, तो १.६ भरतो आणि अॅक्सिडेंटला डगमगला नाही. मागवताना गेज बिलावर लिहून घ्या, फोनवर सगळे १६ च सांगतात.

पुढचं काम मी ब्रेक म्हणणार होतो, पण क्रम बदलतोय. बरगड्यांना जे लागलं ते स्टीअरिंगनं. सीजेचा कॉलम म्हणजे बॉक्सपासून छातीपर्यंत एक सरळ सळई, पुढून धक्का आला की ती मागं येणारच. पहिल्यांदा वाटलं नुसता मऊ हब टाकू, पण मामांच्या शेडमागं भंगारात एक बोलेरोचा कॉलम पडलाय, दोन युनिव्हर्सल जॉइंटवाला, म्हणजे शाफ्ट कोनात मोडतो. बसेल का हे माहीत नाही, स्प्लाइन (शाफ्टवरच्या खाचा) जुळत नाहीत, आणि स्टीअरिंगच्या शाफ्टवर वेल्डिंग मी कुणाच्या बापाला करू देणार नाही, म्हणून लेथवर अॅडॉप्टर वळवावा लागेल. कुणी सीजे किंवा एमएम ५४० ला हे आधी केलं असेल तर कोन किती ठेवला आणि मधला सपोर्ट बेअरिंग कुठं घेतला तेवढं सांगा. तोपर्यंत रविवारी पुढच्या चाकांचं टो-इन (आत वळलेली दिशा) लावून घेतो, बार्शीवाल्यांनी येताना ते मोजायचा ट्रॅमल गेज आणा, मागच्या वेळी नेलेला अजून तुमच्याकडंच आहे.