आकाश काय सांगतं आणि काय सांगत नाही

सृष्टीतून देव कळतो, असं म्हटलं की दाखला ठरलेला: बायबलमधलं रोमकरांस पत्र 1:20. दाखला चोख आहे, पण तो एकटाच उचलला की घोळ होतो. पत्र लिहिणारा प्रेषित पौल तिथे सृष्टीवरून समजणाऱ्या दोनच गोष्टी सांगतो, देवाचं सनातन सामर्थ्य आणि त्याचं देवपण. क्षमेचा किंवा ख्रिस्ताचा त्यात उल्लेख नाही. त्याआधी 18 व्या वचनात माणसं सत्य दाबून ठेवतात असं तो म्हणतो आणि 25 व्या वचनात तीच माणसं निर्मात्याला सोडून निर्मितीला भजताना दिसतात. म्हणजे हा उतारा तारणाचा, म्हणजे पापातून सुटकेचा, मार्ग दाखवत नाही, तर कोणालाही सबब उरत नाही एवढं ठरवतो.

देवाने स्वतःला प्रकट करणं म्हणजे प्रकटीकरण. हे झालं सामान्य प्रकटीकरण, सगळ्यांना सदासर्वकाळ खुलं असलेलं. संदेष्ट्यांतून, शास्त्रातून आणि शेवटी पुत्राद्वारे देव बोलला, ते विशेष प्रकटीकरण (इब्री 1:1-2).

दोन्ही एकत्र पाहायची असतील तर स्तोत्र 19 सावकाश वाचावं. पहिली सहा वचनं आकाश आणि सूर्याची. सातव्यापासून नियमशास्त्राचं, म्हणजे देवाने दिलेल्या आज्ञांचं, वर्णन सुरू होतं. आणि कवी स्वतःच्या गुप्त दोषांची क्षमा कधी मागतो? बाराव्या वचनात, नियमशास्त्राचं वर्णन झाल्यावर. सूर्याकडे पाहून त्याने देवाचा महिमा गायला, पण स्वतःचे दोष त्याला तिथे सापडले नाहीत.

लुस्त्र या शहरात तर फजितीच झाली (प्रेषितांची कृत्ये 14). पांगळा चालू लागताच लोकांनी पौल आणि त्याचा सोबती बर्णबा यांनाच देव ठरवून बळी द्यायला बैल आणले. पाऊस आणि पिकांचे हंगाम ही देवाची साक्ष आहे, असं पौलाने समजावलं, तरी लोक जेमतेम आवरले. साक्ष खरी होती, तिचा अर्थ मात्र लोकांनी भलताच लावला. सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्विन म्हणूनच शास्त्राला चष्मा म्हणतो: अंधुक नजरेच्या माणसाला पुस्तक समोर असूनही चष्म्याशिवाय वाचता येत नाही.

दुसरी चूक जास्त घातक आहे. भूकंप झाला, पूर आला की 'देवाने अमक्यांना शिक्षा दिली' असं सांगणारे निघतातच. शिलोहाचा बुरूज पडून 18 जण मेले, तेव्हा ते इतरांपेक्षा जास्त पापी होते का, या प्रश्नाला येशूने सरळ 'नाही' म्हटलं (लूक 13:4-5). शिवाय सृष्टी स्वतःच कण्हते आहे (रोम 8:22), तिच्या प्रत्येक घटनेतून निवाडा वाचता येत नाही.

नुसत्या बुद्धीने किती कळतं, यावर मात्र एकमत नाही. निर्मिलेल्या गोष्टींवरून देवाचं अस्तित्व बुद्धीला निश्चित कळू शकतं, असं रोमन कॅथलिक चर्चच्या पहिल्या व्हॅटिकन परिषदेने 1870 मध्ये ठरवलं. उलट 1934 मध्ये प्रोटेस्टंट धर्मशास्त्रज्ञ एमिल ब्रुनरने सृष्टीतल्या प्रकटीकरणाला थोडी जागा देताच दुसरा प्रोटेस्टंट धर्मशास्त्रज्ञ कार्ल बार्थ याने उत्तराच्या पुस्तिकेचं नावच 'नाही!' ठेवलं. मला बार्थचा नकार टोकाचा वाटतो. रोम 1:20 पुसून टाकता येत नाही. पण तो काळही पाहायला हवा: नाझी जर्मनीत तेव्हा रक्त आणि वंश यांतच देवाची इच्छा शोधणारे ख्रिस्ती होते.