कॉकपिटमध्ये पाणी येत होतं ते कसं थांबवलं: माझा अनुभव

आमची शिडाची छोटी बोट आहे, साडेसहा मीटरची, फायबरची, मुंबई बंदरात कुलाब्याकडे मूरिंगवर, म्हणजे पाण्यातच कायमची बांधून, असते. या सीझनला वारा वाढून बोट कलली की कॉकपिटच्या, म्हणजे मागे बसायच्या उघड्या खोलगट जागेच्या, कललेल्या कोपऱ्यात पाणी जमायला लागलं, घोट्यापर्यंत, आणि वरून लाट तर आलेलीच नसायची. मूरिंगवर रिकामी असली की मात्र ठणठणीत कोरडी.

ज्याला विचारावं तो म्हणे ड्रेनला, म्हणजे कॉकपिटच्या तळातल्या भोकांना, बूच मारा. मला ते अजिबात पटलं नाही, ती भोकं आत आलेलं पाणी बाहेर जायलाच असतात ना! आमचं कॉकपिट 2 मीटर लांब, 60 सेंमी रुंद, त्यात नुसतं 10 सेंमी पाणी साठलं तरी 120 लिटर, म्हणजे सव्वाशे किलो वजन मागच्या बाजूला. मग बोट मागून अजून बसणार आणि पुढची लाट सरळ केबिनमध्ये.

एका संध्याकाळी वारा पडल्यावर दोघांना मागे बसवलं आणि मी ड्रेनपाशी वाकून बघत राहिलो. ते बसले तसं पाणी भोकातून वर यायला लागलं, पुढे सरकले की परत खाली. म्हणजे बोट कुठे फुटलेली नाही, ड्रेनच्या पाइपचं बाहेरचं तोंड पाण्याखाली जातंय. मागच्या कप्प्यातला नांगर, साखळी सगळं पुढे नेलं, त्यानेच बराच फरक पडला.

बोट वर काढली तेव्हा उरलेलं कळलं. बाहेरच्या तोंडावर रबरी झडप असते, पाणी बाहेर जाऊ देते पण आत येऊ देत नाही, तिच्या कडेला तांदळाच्या कणीएवढे बार्नकल (बोटीला चिकटून वाढणारे छोटे कवचवाले समुद्री जीव) चिकटलेले, त्यामुळे ती पूर्ण मिटतच नव्हती. ते खरवडले आणि पाइपपण बदलले. आधी डावं भोक डाव्या तोंडाला, उजवं उजव्याला असं होतं. आता क्रॉस केलेत, त्यामुळे बोट कलली तरी खालच्या भोकाचा पाइप वर उचललेल्या बाजूला उघडतो आणि समुद्र आत शिरत नाही, साठलेलं पाणी बोट सरळ झाली की निघून जातं. कॉकपिटखाली जेमतेम हात जातो, नवा पाइप तोटीवर चढेना, टोक गरम पाण्यात बुडवून धरलं तेव्हा कुठे बसला. प्रत्येक टोकाला स्टेनलेसचे दोन दोन क्लॅम्प लावले, कारण हा पाइप निसटला तर पाणी थेट बोटीच्या पोटात जातं.

आता चौघं मागे बसले तरच थोडं ओलं होतं, मग एकाला पुढे पाठवतो. झडप मात्र दर काही आठवड्यांनी खरवडावी लागते, आपल्या पाण्यात बार्नकल फार पटकन धरतात.