कोरसमधल्या किकचा तळ अखेर सापडला

मागच्या नोंदीत ज्या गाण्याचे इलेक्ट्रॉनिक ड्रम जवळजवळ पूर्ण झाल्याचे मी लिहिले होते, त्याच गाण्याने पुढचे तीन आठवडे माझी प्रत्येक संध्याकाळ घेतली. काल रात्री, फोंड्यात पावसाची मोठी सर कौलांवर कोसळत असताना, मी कोरसचे १६ बार हेडफोनवर सलग ऐकले आणि किकचा, म्हणजे पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमचा, प्रत्येक ठोका सारख्याच वजनाने आला. ज्यांचा किक काही ठोक्यांवर भरीव आणि काही ठोक्यांवर पोकळ लागतो आणि ज्यांना त्याचे कारण कळत नाही, त्यांच्यासाठी हा सगळा शोध क्रमाने लिहून ठेवतो.

मांडणी पूर्वीचीच आहे, बदल एकच आहे. जूनमध्ये मॉड्यूलचा, म्हणजे पॅडवरच्या ठोक्यांचा आवाज काढणाऱ्या पेटीचा, युएसबी जोड सैल झाला. तेव्हापासून मी मिडी, म्हणजे कोणता ठोका कधी आणि किती जोरात पडला याचे संदेश, पाच पिनांच्या जुन्या सॉकेटमधून काढून, एका स्वस्त निनावी रूपांतरक केबलने लॅपटॉपला देत होतो. मॉड्यूलचा स्टिरिओ आवाज लॅपटॉपला जोडलेल्या ऑडिओ इंटरफेसच्या दोन इनपुटांत स्वतंत्रपणे जात होता. मिक्समध्ये किकचे दोन थर होते: मॉड्यूलच्या किकची कडक टकटक आणि मिडीवरून वाजवलेल्या सॅम्पल किकचा (आधीच मुद्रित केलेल्या खऱ्या ड्रमच्या आवाजाचा) तळ, म्हणजे खालचा जड भाग. ही जोडणी मला वर्षभर आवडत आली आहे, कारण मॉड्यूलच्या आवाजात पॅडवरच्या पायाचा थेटपणा असतो आणि सॅम्पलमध्ये खऱ्या ड्रमच्या पोटातली हवा असते.

कडव्यांत किक भक्कम होता. कोरसमध्ये मात्र काही ठोके खोक्यावर थाप मारल्यासारखे येत होते. पहिला संशय मी खोलीवर घेतला. माझी खोली ३ मीटर रुंद आहे, आणि तेवढ्या रुंदीत ५७ हर्ट्झच्या आसपास स्थिर लहर उभी राहते, म्हणजे किकच्या नेमक्या जागीच. चार दिवस मी गाद्या आणि स्पीकर हलवले. हेडफोन लावल्यावरही दोष तसाच राहिला, तेव्हा खोली निर्दोष ठरली. तळाच्या कोणत्याही तक्रारीत ही परीक्षा सर्वांत आधी करावी, ती पाच मिनिटांत होते. त्यानंतर सॅम्पलच्या थरांवर संशय गेला, म्हणून सगळ्या ठोक्यांची व्हेलॉसिटी (जोराचा आकडा) ११० वर आणून पाहिली, पण फरक पडला नाही. एका आघातावर दोनदा ट्रिगर होत असेल असे वाटून मास्क टाइम (एका ठोक्यानंतर दुसरा न स्वीकारण्याचा काळ) वाढवला, परंतु मिडीच्या यादीत दुहेरी नोंद मुळातच नव्हती.

सर्वांत चीड आणणारी संध्याकाळ त्यानंतरची होती. लहरी मोठ्या करून पाहिल्यावर पोकळ ठोक्यांत सॅम्पल किक मॉड्यूलच्या किकमागून ७ ते ८ मिलिसेकंदांनी येत असल्याचे दिसले. ६० हर्ट्झच्या लहरीचे अर्धे आवर्तन ८.३ मिलिसेकंदांचे असते, म्हणजे एक थर वर जात असताना दुसरा खाली जात होता आणि तळ परस्परांत वजा होत होता. कारण मिळाले असे मानून मी रीपर या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये मिडीचा संपूर्ण ट्रॅक ८ मिलिसेकंद अलीकडे ओढला. पोकळ ठोके भरले, आणि आधी भरीव असलेले ठोके पोकळ झाले. एका थराचा फेज उलटा करून, म्हणजे लहर वरखाली पालटून पाहिला, तरी हीच अदलाबदल झाली. याचा अर्थ उशीर ठरावीक नव्हता; तो ठोक्यागणिक बदलत होता, आणि तसा उशीर एका आकड्याने कधीच दुरुस्त होत नाही. क्वांटाइझ करण्याचा, म्हणजे नोंदी तालाच्या रेषांवर नेमक्या बसवण्याचा, सल्लाही इथे निरुपयोगी आहे, कारण त्याने मिडीच्या नोंदी सरळ होतात, पण मॉड्यूलचा ध्वनिमुद्रित आवाज जिथे आहे तिथेच राहतो. शिवाय क्वांटाइझ केलेल्या कोरसमध्ये वादकाच्या पायाची चाल उरत नाही, असे माझे ठाम मत आहे.

धागा हाती दिला तो माझ्या मामेभावाने. तो म्हार्दोळजवळ राहतो, चतुर्थीच्या आरत्यांना घुमट हे मातीच्या घटाचे वाद्य वाजवतो आणि इलेक्ट्रॉनिक ड्रमशी त्याचा काहीही संबंध नाही. आरतीच्या तालमीला जाता जाता तो घरी आला होता. त्याने कोरस दोनदा ऐकला आणि म्हणाला, "दादा, हायहॅटची ती 'चिक्' येते ना, तिथेच तुझा मोठा ठोका पोकळ होतो. जिथे ती नाही, तिथे ठोका बरा आहे." तीन आठवडे मी फक्त किक ऐकत होतो, त्याने संपूर्ण ताल ऐकला. तो अगदी बरोबर होता. कडव्यांत माझा डावा पाय हायहॅटचे (पायाने उघडझाप होणाऱ्या झांजांच्या जोडीचे) पेडल दाबून स्थिर ठेवतो आणि कोरसमध्ये तो पाय प्रत्येक मात्रेवर हलतो. किकचे जे ठोके त्या हालचालीबरोबर पडत होते, तेच बिघडत होते.

पुढचा उलगडा मिडी संदेशांच्या यादीत झाला. हायहॅट किती उघडा आहे ही माहिती मॉड्यूल कंट्रोलर क्रमांक ४ म्हणून पाठवते. पाय हलला की अशा संदेशांची माळ सुटते. माझ्या यादीत प्रत्येक पोकळ किकच्या लगेच आधी असे सहा ते आठ संदेश होते, आणि त्यांच्यातले अंतर जवळजवळ सारखे, एका मिलिसेकंदाच्या आसपासचे होते. हे सारखे अंतर पाहताच मला उत्तर मिळाले. पाच पिनांचा मिडी १९८३ च्या प्रमाणानुसार सेकंदाला ३१,२५० बिट एवढ्याच वेगाने चालतो. एका बाइटला १० बिट लागतात, म्हणजे ३२० मायक्रोसेकंद, आणि तीन बाइटांचा एक संदेश जायला ०.९६ मिलिसेकंद. त्या वाटेवर एका वेळी एकच संदेश जातो. कोरसच्या पहिल्या मात्रेवर क्रॅश झांज, पेडलची चिक् आणि किक एकदम येतात. त्यांच्या आधी पेडलचे संदेश रांगेत उभे असले, तर किकची नोंद शेवटी निघते. आधी आठ संदेश असतील तर ७.७ मिलिसेकंदांचा उशीर होतो, आणि माझ्या मोजणीत तोच आकडा येत होता. मॉड्यूलच्या आत मात्र आवाज ही रांग न लावता लगेच निघतो, म्हणून मॉड्यूलचा किक वेळेवर आणि सॅम्पलचा किक मागे राहत होता.

खात्रीसाठी मी हायहॅट कंट्रोलरची तार मॉड्यूलमधून काढली आणि डावा पाय नेहमीसारखा हलवत तोच कोरस पुन्हा वाजवला. सगळे किक जागेवर आले. त्या रात्री मला झोप उशिरा लागली, आणि तो आनंद मी अजून जपून ठेवला आहे.

तार काढून गाणे वाजवता येत नाही, त्यामुळे युएसबी जोड दुरुस्त करणे भाग होते. म्हापशात मोबाइल दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराने सर्किटच्या पट्टीवरचे गंजलेले टाके साफ करून नवा जोड बसवून दिला. आपल्याकडच्या खाऱ्या आणि दमट हवेत असे जोड पावसाळ्यात फार लवकर काळे पडतात. मॉड्यूल वापरात नसताना सिलिका जेलच्या पुड्यांसह झाकून ठेवण्याची सवय मी आता लावून घेतली आहे. युएसबीवर त्या जुन्या वेगाची अडचण नाही. नव्या टेकमध्ये दोन किकमधले अंतर प्रत्येक ठोक्यावर जवळजवळ सारखे आहे, चढउतार १ मिलिसेकंदाच्या आत आहे, आणि आता ट्रॅक एकदाच सरकवून काम भागते. स्वस्त रूपांतरक केबलबद्दल माझे मत स्पष्ट आहे: कीबोर्डवर एक एक सूर वाजवण्यासाठी ती चालेल, ड्रमसाठी घेऊ नये.

मिक्समध्ये उरलेली खबरदारी म्हणून मॉड्यूलच्या किकवर १२० हर्ट्झपासून हाय-पास (त्याखालचा आवाज कापणारा फिल्टर) लावला आहे. तळ फक्त सॅम्पलचा, टकटक फक्त मॉड्यूलची. दोघांनी एकाच जागेसाठी भांडायचे कारणच उरत नाही. किक स्थिर झाल्यावर बसच्या, म्हणजे सगळ्या ड्रमच्या एकत्र वाटेवरच्या, कॉम्प्रेसरचे (मोठे आवाज दाबणाऱ्या साधनाचे) वागणेही सुधारले, कारण पूर्वी भरीव ठोक्यावर तो जोरात दबत होता आणि पोकळ ठोक्यावर मोकळा सुटत होता, आणि त्या हेलकाव्यात स्नेअर ड्रमच्या आवाजाची शेपटी कमी-जास्त होत होती. स्नेअरचे हलके ठोके, ज्यांच्यासाठी मी मागच्या महिन्यात व्हेलॉसिटीची वक्ररेषा तीनदा बदलली, ते आता कोणताही बदल न करता ऐकू येतात.

हे लिहीत असतानाच एक विचार आला आणि त्यामुळे पुढचा बेत बदलतो आहे. मॉड्यूलच्या आवाजातून मला फक्त टकटक हवी असेल, तर ती मॉड्यूलचीच कशाला हवी? दोन्ही थर एकाच सॅम्पलरमध्ये एकाच मिडी नोंदीवर ठेवले, तर ते नेहमी एकत्रच सुटतील आणि वेळेच्या फरकाचा प्रश्न मुळातूनच जाईल. आणि वरच्या थरासाठी माझ्याजवळ, दहा किलोमीटरच्या आत, घुमट आहे. मातीच्या घटाच्या मोठ्या तोंडावर ताणलेल्या कातड्यावर बोटांची थाप पडते तेव्हा येणारा आवाज कोरडा, छोटा आणि ठसठशीत असतो. दुसरे, उघडे तोंड डाव्या तळव्याने झाकले की खालचा घुमार आवरतो. किकच्या वरच्या थराला नेमके हेच हवे. २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली. पूर्वी त्यावर घोरपडीचे कातडे असे. वन्यजीव संरक्षण कायद्याने ते बंद आहे आणि मामेभावाचे घुमट बकऱ्याच्या कातड्याचे आहे.

अडचण पावसाची आहे. इलेक्ट्रॉनिक ड्रम मी निवडले त्यामागे कौलांवरचा पाऊस हेही एक मोठे कारण होते, कारण पॅडच्या ट्रिगरला सर ऐकू येत नाही. मायक्रोफोनला मात्र ती पूर्ण ऐकू येते. दमट हवेत कातडेही उतरते. म्हणून मुद्रण चतुर्थीच्या विसर्जनानंतर, उघडीप मिळालेल्या दुपारी करायचे ठरवले आहे. घुमट तेव्हा मोकळे असेल आणि मामेभावाचा हात महिनाभराच्या आरत्यांनी तापलेला असेल. एसएम ५७ मायक्रोफोन कातड्यापासून साधारण एक वीत अंतरावर, तिरका ठेवणार आहे. जोराच्या चार पायऱ्या आणि प्रत्येक पायरीवर पाच थापा, सगळ्या उघडे तोंड झाकून. आणि वेळ उरला तर उघड्या तोंडाच्याही तेवढ्याच घेऊन तिसऱ्या टॉमच्या पॅडवर बसवून पाहीन. तोपर्यंत कोरसचा किक मॉड्यूलच्या टकटकीसह आहे तसाच राहील.