दिव्याच्या खांबामागची गाडी

बुधवार, रात्र

अण्णांनी मला तारीख लावायला दिलेला त्यांच्या घरचा जुना फोटो आज परत उघडला आणि तेव्हापासून कशात लक्ष नाही. त्यातली गाडी ओळखण्यात चूक झालेली नाही. तरी फोटोची तारीख चुकली.

गाडी फोर्ड मॉडेल टी, हे आजही छातीठोकपणे सांगेन. लाकडी आऱ्यांची चाकं, एकेका चाकात बारा आरे, पुढच्या चाकांना ब्रेकचे ड्रम नाहीत, बंपर नाही. रेडिएटरचं कवच काळं, म्हणजे १९१७ च्या मॉडेलपासून पुढची. १९१६ पर्यंत ते पितळी असायचं. पण नुसत्या काळ्या कवचावर विसंबायचं नसतं, कारण पितळ घासून कंटाळलेले मालक त्यावर काळा रंग फासायचे. म्हणून मडगार्ड बघितले. ते सपाट पत्र्याचे नाहीत, गोलाई घेतलेले आहेत. बॉनेट मागे चढत जाऊन अंगात मिसळतं, जुन्या टीसारखी मध्येच पायरी पडत नाही. पुढची काच सरळ उभी आहे, १९२३ च्या टूरिंगसारखी (म्हणजे उघडी, कापडी छपराची टी) मागे कललेली नाही. म्हणजे १९१७ ते १९२२. इथवर एकही शब्द मागे घ्यावा लागत नाही.

आणि मग मी म्हणाले, "अण्णा, फोटो १९२० च्या आसपासचा आहे."

हे वाक्य कुठून आलं? मघापासून तेच शोधतेय. गाडीचं वय सांगता सांगता मी फोटोचं वय सांगून बसले, आणि मधला सांधा माझ्या लक्षातही आला नाही. गाडी एवढंच सांगू शकते की फोटो तिच्या जन्माच्या आधीचा नाही. नंतर किती वर्षांनी काढला, हे ती सांगत नाही. टी तर १९०८ पासून १९२७ पर्यंत दीड कोटींच्या घरात बनल्या आणि बंद झाल्यावरही कितीतरी वर्षं रस्त्यावर पळत होत्या. हे मला माहीत नव्हतं का? नवीन माणसाला मी पहिल्यांदा हेच सांगते.

अण्णांनी तिथल्या तिथे बोटांवर हिशोब केला. फूटबोर्डवर उभा असलेला मुलगा पाचेक वर्षांचा, म्हणजे तो त्यांच्या घरातला थोरला. थोरल्याचा दुसरा फोटो नाही. ते पुढे काही बोलले नाहीत, मीही नाही.

आज डाव्या कडेचा दिव्याचा खांब मोठा करून बघितला. त्याच्या मागे एक काळा आकार आहे, तो मी सावली म्हणून सोडून दिला होता. आता त्यात एक हेडलाइट दिसतो, त्याला धरणारी वाकलेली दांडी दिसते, खाली दोन आडव्या पट्ट्यांचा बंपर. रेडिएटरची वरची कड मधोमध खाली झुकलेली. चाक बारीक पोलादी आऱ्यांचं. ही मॉडेल ए, फोर्डचीच, टीच्या नंतरची. मॉडेल ए लोकांसमोर आली डिसेंबर १९२७ मध्ये. म्हणजे हा फोटो त्याच्या आधीचा असूच शकत नाही, समोरची टी कितीही जुनी असो.

जवळपास आठ वर्षांची चूक. निदान तेवढी.

संध्याकाळभर वाटत राहिलं की इतकी वर्षं डोळे फोडून काय मिळवलं. नजर समोरच्या देखण्या गाडीवर गेली आणि तिथेच बसली. काळी जागा म्हणजे सावलीच, असं धरून चालणं तर अगदी कच्चं काम. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर लाल रंग जवळपास काळा उतरतो आणि निळा फिकट पडतो. काळ्या दिसणाऱ्या जागेत लाल गाडी उभी असू शकते, फिकट दिसणारी गाडी मुळात निळी असू शकते. टी १९१४ ते १९२५ फक्त काळ्या रंगात मिळायची म्हणून तिच्या बाबतीत हा प्रश्न पडत नाही. बाकी गाड्यांचा रंग फोटोवरून सांगू नये.

जास्त लागलं ते वेगळंच. टीनेच मला सांगितलं होतं. तिचा डावा पुढचा मडगार्ड लाटेसारखा झालाय, एकदा ठोकून परत सरळ केलेला पत्रा असतो तसा. एका हेडलाइटची कडी गायब आहे. मागच्या टायरची नक्षी पार गेलेली. दोन-तीन वर्षांची गाडी अशी दिसत नाही. मी ते बघितलं होतं, टिपून ठेवलं होतं, आणि "रस्ते खराब असतील" म्हणून पुढे गेले होते. नवी गाडी हवी होती मला, कारण नवी गाडी तारीख देते.

(इथे थांबून चहा केला.)

आता जरा शांतपणे लिहिते, पुढच्या वेळी उपयोगी पडेल म्हणून. आधी फोटो उलटा छापलेला नाही ना ते बघायचं. काचेच्या निगेटिव्हची बाजू चुकली की डावं-उजवं फिरतं, आणि मग स्टिअरिंगच्या बाजूवरून काढलेला सगळा निष्कर्ष वाया. नंबरप्लेट किंवा दुकानाची पाटी वाचता आली की शंका मिटते. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांच्या जुन्या प्लेटवर वर्षच छापलेलं असतं, त्यासारखा पुरावा नाही. टूरिंग टी असेल तर दारं मोजायची. अमेरिकेत बनलेल्या गाडीला १९२५ पर्यंत पुढे डावीकडे खरं दार नसतं, पत्र्यावर नुसती दाराची रेघ दाबलेली असते. कॅनडात बनलेलीला मात्र तिथे उघडणारं दार असतं.

मग मोजमाप. टीच्या टायरचा बाहेरचा व्यास ३० इंच, पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर १०० इंच, म्हणजे साधारण ३.३ पट. गाडी तिरकी उभी असेल तर चाकाची उंची धरायची नाही, रुंदी धरायची, कारण तिरकेपणाने गाडीची लांबी आणि चाकाची रुंदी सारख्याच प्रमाणात आक्रसतात. जवळचं चाक मोठं दिसतं, म्हणून दोन्ही चाकांची सरासरी. कॅमेरा अगदी जवळ असेल तर हेही फसतं. मॉडेल एचं हे अंतर १०३.५ इंच, तेव्हा टी आणि ए यांच्यात या मापाने निवाडा करायला जाऊ नये. ऑस्टिन सेव्हन ही छोटी ब्रिटिश गाडी सुरुवातीला ७५ इंचांची होती, तिथे माप लगेच बोलतं.

स्कॅन ६०० डीपीआयला, छोटी कॉन्टॅक्ट प्रिंट (निगेटिव्हच्याच आकाराची) असेल तर १२०० ला. फोटो कृष्णधवल असला तरी स्कॅन रंगीत करायचा, म्हणजे पिवळे डाग आणि मूळ छटा वेगळ्या काढता येतात. शार्पनिंग, म्हणजे कडा कृत्रिमपणे ठळक करणं, बंद. आणि संगणकाने "सुधारलेला" फोटो पुरावा म्हणून घ्यायचाच नाही. त्यात नसलेले आरे उगवतात, नंबरप्लेटवर नसलेले आकडे येतात.

सगळ्यांत शेवटी तारीख. चित्रातल्या सर्वांत नव्या गाडीवरून, सर्वांत मोठ्या गाडीवरून नव्हे. मधली गाडी आवडली की तिच्यावर हात ठेवून ती झाकायची आणि आधी चारी कडा बघायच्या. खिडकीच्या काचेतलं प्रतिबिंबसुद्धा.

ए १९२८-२९ ची की १९३०-३१ ची, हे अजून ठरत नाही. नंतरच्या गाडीची चाकं २१ च्या जागी १९ इंची झाली, हबकॅप (चाकाच्या मधली टोपी) मोठी झाली, रेडिएटर उंच झाला. इथे हबकॅपवर नेमका खांब आलाय. उंचीवरून १९३० कडे कल जातोय, पण कल म्हणजे उत्तर नव्हे. या वेळी नाही म्हणणार.

डिसेंबर १९२७ नंतरचा फोटो आणि पाच वर्षांचा मुलगा. मग तो धाकटा, किंवा शेजारचा कोणी, किंवा नुसताच गाडी बघून फूटबोर्डवर चढलेला. जुन्या फोटोंत गाडीपाशी उभी असलेली माणसं गाडीची असतातच असं नाही. थोरला मात्र नाही.

राग ओसरलाय. टीने खोटं सांगितलं नव्हतं, आणि खांबामागची ए इतकी वर्षं तिथेच होती. कागदावर "साधारण १९२०" खोडून "डिसेंबर १९२७ नंतर" लिहिलं. मुलाच्या नावाची जागा कोरी ठेवली.

अण्णांनी तो फोटो फ्रेम करायला दिलाय. शनिवारी मिळणार आहे. त्याच्या आधी जाऊन यायला हवं, फोनवर नको.