इंदूर एरोड्रम: सकाळी सोडायला, संध्याकाळी आणायला

सासूबाईंचं बंगळूरचं विमान सकाळी आणि पुण्याहून येणाऱ्या मावशी-काकांचं संध्याकाळी, त्यामुळे एकाच दिवशी आमच्या राजेंद्र नगरहून एरोड्रमपर्यंत, म्हणजे इंदूरच्या विमानतळापर्यंत, दोन खेपा झाल्या. दोन्ही खेपांना रस्ता तोच, गाडी तीच. पण सोडायला जाणं आणि आणायला जाणं ही अगदी वेगळी कामं आहेत. सोडायला जाताना लवकर पोहोचलेलं बरं. आणायला जाताना लवकर पोहोचलात तर उगाच पैसे भरता.

आमच्या भागातून जाणाऱ्यांनी जुन्या शहरातल्या राजवाडा आणि बडा गणपतीकडच्या रस्त्याचा नाद सोडावा. अंतर कमी दिसतं म्हणून नकाशा कधीकधी तिकडून नेतो, पण मल्हारगंजात एक हातगाडी आडवी आली की सगळा हिशोब कोलमडतो. फूटी कोठीवरून चंदन नगर, धार रोड ओलांडून कालानी नगर, आणि तिथून एरोड्रम रोड हा रस्ता मला जास्त भरवशाचा वाटतो. रंगपंचमीला गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते तेव्हा आणि अनंत चतुर्दशीच्या रात्री झांक्या, म्हणजे देखाव्यांच्या मिरवणुका, असतात तेव्हा राजवाड्याकडे फिरकूच नका. त्या दिवसांचं तिकीट असेल तर घरून चांगलं तासभर आधी निघा. नवरात्रात आणखी एक भानगड असते. बिजासन मातेची टेकडी विमानतळाच्या अगदी शेजारी आहे, आणि चैत्रातल्या व आश्विनातल्या दोन्ही नवरात्रांत तिथे जत्रा भरते. पायी जाणारी माणसं, नारळवाले, दुचाक्या, सगळं त्याच रस्त्यावर. शहर ओलांडून आल्यावर शेवटच्या दोन किलोमीटरला अडकणं फार जिवावर येतं.

आता सासूबाईंची बॅग. आदल्या रात्री उघडली तर हातातल्या पिशवीत मिरचीच्या लोणच्याची बरणी, मोठ्या बॅगेत सुक्या खोबऱ्याच्या वाट्या, आणि त्याच्याच खाली पॉवर बँक.

"आई, हे खोबरं नाही नेता येणार."

"अगं, खोबरं काय बॉम्ब आहे का?"

बॉम्ब नाही, पण सुकं खोबरं तेलकट असतं आणि आपोआप तापून पेटू शकतं, म्हणून ते केबिनमध्येही चालत नाही आणि चेक-इन बॅगेतही नाही. ओला, अख्खा नारळ चेक-इनमध्ये जातो, हातात नाही. लोणचं चेक-इनमध्ये, दोन पिशव्यांत घट्ट बांधून. पॉवर बँकेचं बरोबर उलटं: ती फक्त हातातल्या सामानात. शेव आणि चिवडा कुठेही ठेवा, कुणी काही म्हणत नाही, आणि इंदूरहून निघालेली बॅग शेवेशिवाय कशी असेल! ही उलथापालथ घरीच करून घ्या. काउंटरसमोर बॅग उघडून बसलेलं एक तरी कुटुंब मला दर वेळी दिसतं.

व्हीलचेअर लागणार असेल तर विमान कंपनीला किमान 48 तास आधी कळवायचं असतं. तिकीट काढतानाच नोंद केली तर उत्तम. आपल्याला तिकिटाशिवाय आत सोडत नाहीत, त्यामुळे दारावर सामान उतरवून एकाने प्रवाशाजवळ थांबायचं आणि दुसऱ्याने गाडी हलवायची. गाडीत एकटेच असाल तर आधीच पार्किंगला लावा. दारापुढच्या मोजक्या मिनिटांत म्हाताऱ्या माणसाला उतरवणं, खुर्ची मागवणं आणि मागच्या हॉर्नला तोंड देणं, हे एकट्याच्या हाताबाहेरचं आहे. फाटकातून आत शिरलात की वेळ सुरू होते. मोफत मिनिटं आणि पुढचे दर फलकावर लिहिलेले असतात, ते आत जातानाच वाचा आणि पावती जपून ठेवा.

देशांतर्गत विमानांचे चेक-इन काउंटर साधारण तासभर आधी बंद होतात आणि बोर्डिंगचं दार सुटायच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी. म्हणून आम्ही दोन तास हातात ठेवून पोहोचलो. सासूबाईंनी खुर्चीत बसताच ढकलणाऱ्या मुलाची चौकशी सुरू केली, म्हणजे काळजी मिटली. तिकीट मात्र कागदावर छापून, मूळ ओळखपत्रासोबत त्यांच्या हातात दिलं होतं. फोनमधलं तिकीट दारावर नेमकं उघडत नाही.

संध्याकाळची खेप. पुण्याहून येणारं विमान वेळेवर आहे की नाही हे बघायचं, तर ते आधीच्या फेरीला कुठून निघालं तेही बघा. एकच विमान दिवसभरात चार-पाच शहरं फिरतं. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीला सकाळी धुकं पडलं की संध्याकाळपर्यंत त्याचे हिसके इथे बसतात. विमानाचा माग दाखवणाऱ्या ॲपवर ते हवेत दिसलं की मगच गाडी काढायची, हा माझा नियम. पुण्याहून उडाल्यावर तासाभरात येतं, तेवढ्यात आपण पोहोचतोच.

पण पोहोचायचं कुठे? फाटकाच्या आत नाही. उतरलं म्हणजे बाहेर आलं असं नसतं. आधी विमान जागेवर येतं, मग माणसं, मग पट्ट्यावर बॅगा. हातातलंच सामान असेल तर दहा-पंधरा मिनिटं, बॅग असेल तर अर्धा तास धरा, आणि व्हीलचेअर असेल तर सगळ्यात शेवटी, कारण त्या प्रवाशांना विमानातून मागाहून उतरवतात. मी कालानी नगरच्या बाजूला, रस्ता न अडवता, चहा घेत थांबले. मावशीला आधीच बजावलं होतं: "बॅग हातात आली आणि दाराबाहेर उभी राहिलीस की फोन कर. आतून नको." तरी काकांचा फोन आला, "आम्ही उतरलो, ये!" मी विचारलं, "काका, बॅग मिळाली?" "येतेय." मग दुसरा चहा घेतला. त्यांनी दारावर उभं राहून फोन केला तेव्हा आत शिरले, सामान टाकलं आणि बाहेर. पार्किंगचा प्रश्नच आला नाही.

मेट्रोबद्दल मावशीने विचारलंच. 31 मे 2025 ला गांधी नगरपासून सुपर कॉरिडॉर या रस्त्यावर ती सुरू झाली, पण गांधी नगरचं स्थानक टर्मिनलच्या दाराशी नाही. दोन बॅगा आणि सत्तरीतले काका असतील तर गाडीच बरी.

महाकालच्या दर्शनाला येणारे पाहुणे थेट उज्जैनला न्यायचे असतील तर शहरात शिरायची गरज नाही. विमानतळावरून सुपर कॉरिडॉर धरायचा आणि पुढे उज्जैन रोडला लागायचं. पंचावन्न किलोमीटरच्या आसपास अंतर आहे. 2028 च्या सिंहस्थासाठी हा रस्ता सहापदरी करायला घेतला आहे, त्यामुळे वळवलेला रस्ता अंधारात पटकन लक्षात येत नाही. रात्री अर्धा तास जास्तच धरा. भस्मारती पहाटे चारला असते आणि तिची नोंदणी आधी करावी लागते, तेव्हा पाहुण्यांना पुण्याहून निघण्यापूर्वीच विचारून ठेवा. काकांनी गाडीत बसल्यावर विचारलं. आणि हॉटेलला उशिरा येणार असल्याचा फोन विमानतळावरूनच करा, उज्जैनला पोहोचून नव्हे.