तुम्ही विचारलंत म्हणून: घोड्याला ते आवडतं हे कशावरून?

मी घोड्यांना मालिश करते हे कळले की पुढचा प्रश्न बहुधा ठरलेला असतो: "पण त्याला ते आवडतं हे तुम्हाला कशावरून कळतं?" गेल्या महिन्यात एका लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या काकूंनी तो विचारला आणि जिलबी संपेपर्यंत मला त्यांचे समाधान करता आले नाही. "तो जांभई देतो," असे काहीसे मी म्हणाले आणि त्या हसल्या. ते उत्तर अपुरे होतेच, शिवाय थोडे चुकीचेही होते, म्हणून येथे सविस्तर लिहिते.

आधी मालिश या शब्दाविषयी. रेसच्या तबेल्यांत सईस कोपरापर्यंतचा हात लावून, अंगाचा सगळा भार टाकून घोडा रगडतात आणि त्यानंतर कातडीवर जी चकाकी येते ती पाहण्यासारखी असते. माझे काम त्या जातीचे नाही. मी बोटे टेकवून अर्धा मिनिट नुसती उभी राहिले की पाहणाऱ्यांची निराशा होते. मी मूळची फिजिओथेरपिस्ट. तीस वर्षे माणसांच्या पाठी आणि गुडघे तपासल्यावर घोड्यांकडे वळले, आणि त्यांच्या बाबतीत जे शिकले ते मुख्यतः दोघांच्या पद्धतींतून. लिंडा टेलिंग्टन-जोन्स या घोडेस्वारी शिकवणाऱ्या बाईंनी १९७५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला मोशे फेल्डेनक्राइस यांच्याकडे माणसाच्या हालचालींचा अभ्यास केला आणि पुढे तोच विचार घोड्यांना लावून पाहिला. बोटांच्या टोकांनी कातडी हलकेच सव्वा वर्तुळ फिरवणे ही त्यांच्या पद्धतीची ओळख आहे. दुसरे अमेरिकेतल्या आयोवा राज्यातले जिम मास्टरसन. त्यांनी दाबाची मापे चक्क स्वयंपाकघरातून घेतली आहेत: हात आणि केस यांच्यामध्ये जेमतेम हवा राहील इतका, अंड्यातला बलक न फुटता दबेल इतका, द्राक्ष दबेल इतका, मऊ लिंबू दबेल इतका. माझा बहुतेक वेळ पहिल्या दोन मापांतच जातो, कारण चारशे किलोच्या जनावराशी जोर लावून माणूस जिंकत नाही आणि जोर जाणवला की घोडा ती जागा आतून आवळून धरतो.

माथेरानला मी महिन्यातून एकदा जाते. दस्तुरी नाक्यापाशी मोटारी थांबतात आणि पर्यटकांना वाहून नेणाऱ्या घोड्यांचा दिवस तेथूनच सुरू होतो, म्हणून त्यापूर्वी, उजाडता उजाडता, माझे काम उरकावे लागते. तेथल्या एका अश्वपालाचा एक कुमैत आहे, तांबूस अंगाचा आणि काळ्या आयाळीचा. त्याचा तोबरा उतरवून झाला की मी त्याच्या डाव्या खांद्याच्या बाजूने जवळ जाते. नाकाच्या अगदी पुढचे आणि शेपटीच्या थेट मागचे घोड्याला दिसत नाही. हाताची पाठ त्याला हुंगू देते. मग कानामागून निघून मानेच्या वरच्या कडेने, तळहात केसांना टेकतो न टेकतो असा ठेवून, सावकाश खांद्याकडे सरकत जाते. माझी नजर या वेळी हातावर नसते, त्याच्या डोळ्यावर असते.

पहिल्याच दिवशी मानेच्या मध्यापाशी पोहोचले तेव्हा त्याची पापणी एकदा लवली. मी हात तेथेच थांबवला. वीस सेकंद काही घडले नाही, चाळीस सेकंद काही घडले नाही. नंतर त्याचे डोके किंचित वर गेले आणि कान ताठ झाला, म्हणजे ती जागा तो आता राखू लागला होता. मी होता तो दाबही कमी केला. मिनिटभराने त्याचा खालचा ओठ थरथरला, डोके वीतभर खाली आले, नाकपुड्यांतून एक लांब फुरफुर निघाली आणि त्याने काही चावत असल्यासारखा जबडा हलवून जीभ ओठांवरून फिरवली. बाजूला उभा असलेला मालक म्हणाला, "ताई, तुम्ही तर काहीच केलं नाही." मग त्यानेच तेथे बोट ठेवले आणि म्हणाला, "पण इथंच. जीन टाकायला गेलं की हीच बाजू तो वाकडी करतो." दोन वर्षे त्याला ते ठाऊक होते, फक्त कोणी विचारले नव्हते.

मान आणि खांदा यांच्यापाशी मी इतका वेळ का घालवते, याला शरीररचनेचे कारण आहे. घोड्याला कॉलरबोन नसते. पुढचे पाय धडाला सांध्याने जोडलेले नसून छातीचा पिंजरा दोन्ही खांद्यांच्या फऱ्यांमध्ये स्नायूंच्या झोळीत टांगलेला असतो, आणि उभ्या घोड्याचे सुमारे ६० टक्के वजन पुढच्या पायांवर येते. त्यात पाठीवर माणूस, उतार, आणि नाल मारलेला खूर घसरेल असा गुळगुळीत रस्ता आला की सावरण्याचे सगळे काम त्या झोळीवर पडते.

हे सगळे माझ्या मनाचे खेळ तर नव्हेत, असेही लोक विचारतात, आणि ते विचारणे योग्यच आहे. घोडे एकमेकांना दातांनी खाजवतात तेव्हा मान जेथे पाठीला मिळते त्या उंचवट्याच्या आसपासची जागा त्यांना विशेष प्रिय असते. फे आणि द माझिएर या दोन संशोधिकांनी कामार्ग जातीच्या घोड्यांना नेमके त्या जागी खाजवून पाहिले आणि घोड्यांच्या हृदयाचे ठोके मंदावतात असे १९९३ मध्ये दाखवून दिले. दुसऱ्या जागी खाजवल्यावर तसे झाले नाही. घोडा चांगला पळाला की त्याच्या मानेवर धपाधप थापट्या मारण्याची आपल्याकडची रीत मला तेव्हापासून पाहवत नाही.

आता जांभईकडे येते. सुरुवातीच्या काळात पुण्याजवळच्या एका रायडिंग स्कूलमध्ये मी एका पांढऱ्या घोडीवर काम करत असे. ती पुतळ्यासारखी उभी राही. कोठेही हात लावा, हलत नसे. मधूनच जांभई देई. मी वहीत "अतिशय शांत" असे लिहून ठेवले होते आणि त्याचा मला अभिमानही वाटत होता. तिसऱ्या आठवड्यात माझे लक्ष तिच्या चेहऱ्याकडे गेले, आणि खरे तर तेथूनच सुरुवात करायला हवी होती. डोळ्यावरची कातडी त्रिकोणी ताणलेली, जबड्याचा स्नायू दोरीसारखा उठलेला, नाकपुड्या आखडलेल्या, कान मागच्या बाजूला घट्ट. घोड्याच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखण्याचे सहा निकष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले आहेत, आणि त्यांतले चार माझ्या डोळ्यांसमोर होते. पशुवैद्यांनी तपासल्यावर कळले की जिनाचा सांगाडा थेट तिच्या पाठीच्या उंचवट्यावर टेकत होता. त्याच दुखऱ्या जागेवरून मी दोन आठवडे प्रेमाने बोटे फिरवली होती. ती शांत नव्हती. सांगून उपयोग होत नाही हे तिला पूर्वीच कळून चुकले होते. अस्वस्थ असताना किंवा पोट दुखत असतानाही घोडा जांभई देतो, हे मला ठाऊक होते, पण माझ्या हाताखाली दिलेली जांभई मात्र मी माझ्या खात्यात जमा केली.

त्यानंतर मी घोडा बांधून काम करणे सोडले. दोर सैल हातात धरून कोणीतरी उभे असते, एवढेच. दर दोन-तीन मिनिटांनी मी हात काढून दोन पावले मागे सरते आणि काय होते ते पाहते. घोडा निघून गेला तर त्या दिवशीचे काम संपले. जागच्या जागी राहिला तर आणखी थोडी वाट पाहते. मान वळवून माझ्याकडे आला किंवा अंग पुढे केले तर पुन्हा हात ठेवते. काकू, तुमच्या प्रश्नाचे माझ्यापाशी असलेले खरे उत्तर हेच आहे: ज्याला "नको" म्हणता येते त्याच्याच "हो"वर मी विश्वास ठेवते.

यात माझ्या बाजूचीही तयारी लागते. स्वीडनमधल्या संशोधकांनी २००९ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांनी घोडे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्यायचे होते. चौथ्या फेरीपूर्वी माणसांना सांगण्यात आले की या वेळी वाटेत अचानक छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही. तरीही त्या फेरीत माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले आणि त्यांच्याबरोबर चालणाऱ्या घोड्यांचेही वाढले. याला कोणी आत्म्यांचे मीलन म्हणत असेल तर म्हणो. मला दोर धरणारी मूठ आवळली असेल, श्वास अडखळला असेल, एवढे पुरेसे वाटते. म्हणून तबेल्यात शिरण्यापूर्वी मी फोन बंद करते, बाहेर दहा श्वास मोजते, आणि घरून भांडून निघाले असेन तर सरळ खरारा हाती घेऊन अंग साफ करण्याचे काम करते. त्यात घोड्याला माझ्याकडून फारशी अपेक्षा नसते.

या हाताने काय होत नाही, तेही सांगायला हवे. ताप, पोटशूळ, ताजी जखम, अचानक आलेले लंगडेपण यांसाठी डॉक्टरच बोलवावा लागतो आणि तो येईपर्यंत मी घोड्याला हात लावत नाही. घोड्याचे दात आयुष्यभर वर येत राहतात आणि त्यांच्या कडा धारदार होऊन गाल सोलतात. ते कानशीने घासून घेतले नाहीत, तर मी सैल केलेला जबडा चार दिवसांत पुन्हा आवळतो. कुमैताच्या बाबतीत मानेतली गाठ तीन वेळा सुटली आणि तीन वेळा परत आली. शेवटी आम्ही जीन उलटे करून मुठीने दाबत गेलो, तेव्हा डाव्या बाजूच्या गादीत भरणाचा सुपारीएवढा टणक गोळा सापडला. मालकाने तेथल्या तेथे उसवून तो काढला, भरण पिंजून पुन्हा बसवले आणि शिवताना पुटपुटला, "माझ्या पाठीत असता तर एक दिवस काढला नसता."

त्यानंतरच्या खेपेला मी नेहमीप्रमाणे मानेपासून सुरुवात केली. दोन मिनिटांनी हात काढून मागे सरले, तर कुमैत सावकाश वळला आणि त्याने आपला पुठ्ठा माझ्यासमोर आणला. "ताई, मागं व्हा!" मालक ओरडला, आणि त्याचे चुकले नव्हते, लाथ मारण्यापूर्वी घोडा असाच वळतो. मी एका बाजूला झाले आणि कान पाहिले. ते आडवे, ढिले पडलेले होते. शेपूट सैल होती, मागचा एक खूर टोकावर टेकवून विसावलेला होता. मी कमरेच्या हाडापाशी बलकाच्या मापाने हात ठेवला. मालकाने दोर आणखी हातभर सोडला.